बाबांचा गुरुवार

देव आहे की नाही, असला प्रश्न आमच्या घरात कधी निघाला नाही. आमच्याकडे प्रश्न एकच असायचा, आज वार कुणाचा?

आम्ही नगरकडचे ख्रिस्ती. बाबा सुतार. तारापूरला पॉवरहाऊसचं काम निघालं आणि कुठकुठली माणसं बोईसरात येऊन पडली. माणसं आली की त्यांना राहायला चाळी लागतात आणि चाळींना छपरं लागतात. छपरं घालायला माझे बाबा आले आणि त्यांच्यामागून आई आणि आम्ही तिघी बहिणी. मी थोरली, मग मधली, मग धाकटी. स्टेशनपासून जरा आत, एक खोली, पुढे ओटा, वर बाबांनीच चाळून घेतलेली कौलं. आईला आल्या आल्या सुक्या बोंबलाच्या वासानं भोवळ आली होती. गाव सोडताना आपण समुद्राजवळ चाललोय हे तिला कुणी नीट सांगितलं नव्हतं, असं ती पुढे कितीतरी वर्षं ऐकवत होती.

संध्याकाळची पॅसेंजर गेली की आई दिवा लावायची आणि बाबा घरची उपासना घ्यायचे. एक गीत, शास्त्रातला, म्हणजे बायबलातला, एक उतारा आणि मग प्रार्थना. ती झाल्याशिवाय ताटं मांडायची नाहीत, हा नियम. बाबांची प्रार्थना म्हणजे लांबलचक प्रकरण होतं. गावाकडचे सगळे नातेवाईक, चर्चच्या मंडळीतले आजारी, देशाचं सरकार, सरहद्दीवरचे जवान, सगळ्यांची नावं घेऊन झाल्यावर ते शेजाऱ्याच्या म्हशीवर यायचे. आम्ही मिटल्या डोळ्यांनी फडक्याखालच्या भाकरीचा वास घेत बसायचो. फारच लांबलं तर आई खोकायची. मग बाबा घाईनं म्हशीला आशीर्वाद देऊन आमेन म्हणायचे.

आणि मग बाबा पडले. एका चाळीचे वासे बसवत होते, पाय सटकला आणि खाली आले. मुंबईच्या हॉस्पिटलात बरेच महिने काढून परत आले ते खाटेवरून. कमरेखालचा भाग राहिला होता, पण नसल्यासारखाच.

ते घरी आले त्या संध्याकाळी आईनं नेहमीसारखा दिवा लावला, शास्त्र आणून त्यांच्या हाताशी ठेवलं आणि म्हणाली, "वाचा."

बाबांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. "मला त्याच्याशी बोलायचं न्हाई."

आम्ही तिघी गारठलो. आता आई रडेल, नाहीतर चर्चच्या पाळकसाहेबांना बोलावणं धाडेल, असं मला वाटलं. आईनं शास्त्र उचललं, त्याच्यावरची धूळ पदरानं पुसली आणि म्हणाली, "बरं. तुमी नका बोलू. पन ऐकावं लागंल. घर एवढंच हाये, आन् तुमी आता उठून जानार कुठं?"

माझ्या आईची माया ही अशी होती. ऐकणाऱ्याला ती माया आहे हे कळायला वेळ लागायचा. मला तर पुष्कळ वर्षं लागली.

दुसऱ्या दिवशी तिनं वार वाटले. सोमवार तिचा, मंगळवार माझा, बुधवार मधलीचा, गुरुवार बाबांचा, शुक्रवार धाकटीचा, शनिवार पुन्हा तिचा. रविवारी मंडळीत सगळ्यांबरोबर. ज्याचा वार, त्यानं प्रार्थना करायची. मी म्हटलं, "बाबा तर करणार नाहीत. गुरुवार मला दे." मला तेव्हा आपण फार छान प्रार्थना करतो असा गर्व होता.

"ज्याचा वार त्याचा," आई म्हणाली. "कुनी कुनाचा घ्यायचा न्हाई."

तर गुरुवारी आम्ही दिवा लावून, हात जोडून, डोळे मिटून बसायचो आणि कुणीच काही बोलायचं नाही. बाबा भिंतीकडे तोंड करून पडलेले. भाकरी गार व्हायला लागायची. बऱ्याच वेळानं आई म्हणायची, "आमेन," आणि उठून ताटं घ्यायची. त्या शांततेत बाबांची जागा तशीच्या तशी राखलेली असायची. पंगतीत कुणी यायचं राहिलं तर त्याचं पान मांडून ठेवतात ना, तशी. त्या वयात मला हे काही कळत नव्हतं. मला भूक लागलेली असायची आणि राग आलेला असायचा, बस.

शुक्रवारी मात्र मजा. धाकटीची प्रार्थना दोन ओळींत संपायची, आणि त्यातली एक ओळ शेजारच्या मांजरीला पिल्लं कधी होणार याबद्दल असायची.

घर चालवायला आईनं खाणावळ काढली. खाणावळ हा मोठा शब्द झाला. बाबांच्या ओळखीचे देशावरचे कामगार भात खाऊन कंटाळले होते. इथली तांदळाची भाकरी त्यांना पाहुण्यासारखी वाटायची, पोटात राहायची नाही. त्यांना आईनं बाजरीची भाकरी आणि ठेचा घातला आणि ते पुन्हा पुन्हा येऊ लागले. मग त्यांच्याबरोबर एक यूपीचा फिटर येऊ लागला. सकाळी डबे जायचे, संध्याकाळी माणसं ओट्यावर येऊन बसायची. प्रार्थना संपेपर्यंत जेवण नाही, हा नियम त्यांनाही लागू. हिंदू असोत नाहीतर कुणी असोत, आई कुणाला धर्म बदला म्हणाली नाही, पण थांबा मात्र सगळ्यांना म्हणाली. त्यांच्यातला एक जण दत्ताचा गुरुवार धरायचा. आमचा गुरुवारचा मूकपणा बघून त्याला वाटलं हेही काहीतरी व्रत असणार, आणि त्यानं बाकीच्यांना गप्प केलं. मग गुरुवारी ओट्यावरही सगळे मुके. फिटर दबक्या आवाजात मला विचारायचा, "बेटी, आज चुप्पीवाला दिन है ना?" सातपाटीहून सुकी मासळी घेऊन येणारी कोळीण एकदा नेमकी त्या वेळी आली, दारात टोपली टेकवली आणि ओरडली, "कोन मेलं काय गो बाय? सगली गप का?" आईनं डोळे न उघडता तिला बसायची खूण केली. ती बसली. पुढे तीही गुरुवारी आवाज न करता यायची.

आमच्याबद्दल कुणी ऐकलं की म्हणतं, तुमच्या श्रद्धेनं तुम्हाला तारलं. मला या वाक्याचा राग येतो. श्रद्धा म्हणजे काय गोधडी आहे, की पांघरली आणि ऊब आली? आमच्या घरात श्रद्धा म्हणजे काम होतं. पहाटे विहिरीवरून पाणी भरायचं, पीठ मळायचं, बाबांच्या पाठीला जखमा पडू नयेत म्हणून त्यांना या कुशीवरून त्या कुशीवर करायचं. ते काम माझं आणि आईचं. मधली त्यांची दाढी करायची, धाकटी त्यांच्या उशाशी बसून पाढे म्हणायची. जे काम ज्या वेळेला ठरलंय ते त्या वेळेला. दुःख करायला आई कुणाच्या आड येत नव्हती, पण कूस बदलायची वेळ झाली की डोळे पुसून उठायचं. मंडळीतल्या एक बाई चुकचुकत आल्या आणि म्हणाल्या, "देवाची इच्छा." आई म्हणाली, "तुमाला कळवली वाटतं त्यानं? आमाला न्हाई कळवली." त्या बाई चहा न घेता गेल्या. आईनं तो चहा बाबांना पाजला.

असं वर्ष गेलं असेल. मग काका आले.

काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, गावाकडच्या शाळेत शिक्षक. वाईट माणूस असते तर गोष्ट सोपी होती. ते आमच्यासाठी शेंगदाणे आणि गूळ घेऊन आले, बाबांचे पाय चेपत बसले, आणि त्यांना कळणार नाही अशा बेतानं रडले. चार दिवस त्यांनी आमचं घर बघितलं. आई पहाटेपासून चुलीपुढे, मी शाळा बुडवून डबे भरतेय, मधलीच्या हातावर चटका. आणि मग एका दुपारी त्यांनी आपला विचार सांगितला. मला आणि मधलीला नगरच्या बोर्डिंगात घालायचं. बाबांना ते गावी नेतील, सांभाळतील. आईनं धाकटीला घेऊन मामाकडे राहायचं. "सगळं जागेवर येईपर्यंत," ते म्हणाले.

"सगळं जागेवरच हाये," आई म्हणाली.

"वहिनी, तुम्ही मोडून पडाल."

"पडले तर बघू. आजून उभी हाये."

काका म्हणाले, "निर्णय दादाचा. दादा घरातला कर्ता माणूस आहे." ते खाटेपाशी गेले आणि सगळं पुन्हा हळू आवाजात सांगितलं. बाबा भिंतीकडे बघत होते. काकांनी विचारलं, "दादा, चालेल ना?" बाबा बोलले नाहीत. काकांनी पुन्हा विचारलं. बाबा बोलले नाहीत. काका आमच्याकडे वळून म्हणाले, "दादा नाही म्हणत नाही. म्हणजे त्याला मान्य आहे."

बाबांचं गप्प राहणं इतके दिवस आम्ही सगळ्यांनी मिळून सांभाळलं होतं. आता तेच उचलून आमच्यावर टाकलं जात होतं. काका बाहेर गेल्यावर मी खाटेला धरून बाबांना म्हटलं, "बोला ना! एकदा नाही म्हणा." त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग डोळे मिटले. मला त्या दिवशी माझ्या बापाचा तिरस्कार वाटला. असं लिहिताना मला लाज वाटत नाही, कारण त्या दिवशी तो वाटणं बरोबरच होतं.

काकांनी आमच्या पत्र्याच्या ट्रंका खाली काढायला लावल्या. मी माझे दोन झगे आणि शाळेची पुस्तकं भरली. मधली भरत नव्हती, तर काकांनीच तिचे कपडे घडी करून ठेवले, आणि फार नीट ठेवले. शुक्रवारच्या सकाळच्या गाडीनं निघायचं ठरलं.

आमच्या लोकांत कुणी गाव सोडून निघालं की आदल्या दिवशी घरी निरोपाची प्रार्थना होते. मंडळीतले वडील, म्हणजे चर्चचे कारभारी, येतात, जाणाऱ्याला देवाच्या हाती देतात, आमेन म्हणतात आणि मग ते जाणं पक्कं होतं. त्यानंतर बेत बदलणं म्हणजे देवासमोर खोटं बोलल्यासारखं. आमच्या मंडळीतले वडील म्हणजे एक निवृत्त गुरुजी. काकांनी त्यांना बुधवारी बोलवायचं म्हटलं, म्हणजे गुरुवार आवराआवरीला मोकळा.

"बुधवार मधलीचा हाये," आई म्हणाली. "गुरुवारी बोलवा."

काकांना त्यात काही वाटलं नाही. मला वाटलं, आई हरली.

गुरुवारी गुरुजी आले. धुतलेलं धोतर, काखेत शास्त्र. ओट्यावर नेहमीची माणसं भाकरीसाठी बसली होती. त्यांनी सरकून गुरुजींना वाट दिली. दिवा लागला. ट्रंका दाराशी एकावर एक रचलेल्या. गुरुजींनी एक गीत सांगितलं, ते आम्ही कसंबसं म्हटलं. त्यांनी उतारा वाचला. मग ते म्हणाले, "आपण डोळे मिटू या," आणि त्यांनी सुरू केलं, "हे दयाळू पित्या, या दुःखी कुटुंबाला..."

"गुरुजी, थांबा," आई म्हणाली.

चालू प्रार्थनेत कुणी कुणाला थांबवत नाही. मी अख्ख्या आयुष्यात पुन्हा कधी तसं ऐकलं नाही. माझे डोळे आपोआप उघडले. गुरुजींचेही.

"आज गुरुवार," आई म्हणाली. "गुरुवार यांचा हाये."

"पण ते तर प्रार्थना करत नाहीत ना?" गुरुजी गोंधळून म्हणाले.

"नसू देत करत. यांच्या वाराला दुसरं कुनी करत न्हाई."

"वहिनी!" काकांचा आवाज चढला. "गुरुजी वडीलधारे आहेत. निरोपाची प्रार्थना तेच करणार."

"ते मोठेच हायेत. पन या घरात वार वाटून दिलेत."

गुरुजींनी आईकडे बघितलं, काकांकडे बघितलं. जन्मभर शाळेचं वेळापत्रक पाळलेला माणूस तो. दुसऱ्याच्या तासाला आपण वर्गात उभे आहोत हे त्यांना पटलं असावं. त्यांनी शास्त्र मिटलं आणि सतरंजीवर मांडी घालून बसले.

मग आमचा गुरुवार सुरू झाला. बाहेर ओट्यावरची कुजबुज आपोआप थांबली. रस्त्यानं तारापूरकडे एक ट्रक गेला, कौलं थरथरली, पुन्हा शांत. धाकटीच्या पोटात गुरगुरलं. काकांनी घसा खाकरला. एरवी इतक्या वेळात आईचं आमेन झालं असतं. मी एक डोळा उघडून तिच्याकडे बघितलं. ती डोळे मिटून, हात जोडून, ताठ बसली होती. तिच्या ओठांवर आमेनचा पत्ता नव्हता. तेव्हा मला कळलं की ती आज आमेन म्हणणारच नाही. बाबा बोलेपर्यंत नाही, मग सकाळची गाडी चुकली तरी बेहत्तर.

खरं सांगायचं तर मी त्या वेळी देवाची प्रार्थना करत नव्हते. मी बाबांची करत होते. बोला, बोला, बोला.

गुरुजी अवघडून हलले. काका हळूच म्हणाले, "बास आता, वहिनी." आई हलली नाही.

आणि खाटेवरून आवाज आला. पडून राहून गंजलेल्या करवतीसारखा.

"देवा."



"देवा, मी तुज्याशी बोलत न्हाई, ते तुला म्हाईत हाये." बाबा भिंतीलाच सांगत होते. "माजी कंबर तू घेतलीस. का घेतलीस ते तू सांगत न्हाईस. मीबी इचारायचं सोडलं. माजे हात राह्यले, तर हाताला काम न्हाई. हे तुला बरं दिसतं का? मला न्हाई दिसत." ते थांबले. आम्हाला वाटलं झालं. मग त्यांनी डोकं उशीवर वळवलं, प्रार्थनेत पहिल्यांदाच भिंतीकडून आमच्याकडे, आणि डोळे उघडेच ठेवून म्हणाले, "पन या पोरी माज्या हायेत. आन् ही बायको माजी हाये. आमी या खोलीत सगळे एका जागी हावोत. यातलं कुनी कुठं जानार न्हाई. माजा भाऊ चांगला हाये, पन त्यानं न्यायचं न्हाई. गुरुजींनी द्यायचं न्हाई. आन् तूबी हात लावायचा न्हाई. एवढंच."

त्यांनी आमेन म्हटलं नाही. गुरुजींचं तोंड उघडं होतं. अशा प्रार्थनेला आमेन म्हणायचं की म्हणायचं नाही, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

"आमेन," आई म्हणाली. चांगलं मोठ्यानं.

"आमीन," ओट्यावरून फिटर म्हणाला, आणि त्याच्यामागून बाकीचे, ज्याला जसं जमेल तसं.

गुरुजी म्हणाले, "अशी प्रार्थना मी ऐकली नव्हती."

"भाकरी गार झाल्यात," आई म्हणाली. "बसा सगळे." मी ताटं घेतली. मधली ट्रंकेपाशी गेली आणि काकांनी नीट घडी केलेले आपले कपडे भराभर बाहेर ओढून पसरून टाकले. तिला कुणी रागावलं नाही.

यानंतर बाबा बदलले आणि रोज प्रार्थना करू लागले, असं लिहिलं तर बरं दिसेल, पण तसं झालं नाही. पुढच्या गुरुवारी ते पुन्हा गप्प होते, आणि आई पुन्हा थांबली. मग कधी बोलायचे, कधी नाही. बोलले की देवाशी भांडायचेच. एकदा त्यांनी मागितलं म्हणून मी रंधा आणि लाकूड खाटेवर दिलं, तेव्हापासून ते पडल्या पडल्या पोळपाट करू लागले, आणि बोईसरातल्या कितीतरी घरांत माझ्या बापाचे पोळपाट होते. आमच्यातलं कुणी कुठं गेलं नाही. लग्न होऊन गेलो, ते आपल्या पायांनी.

शुक्रवारी सकाळी काका एकटेच निघाले. आईनं त्यांना भाकरी आणि ठेचा बांधून दिला. मी पिशवी घेऊन त्यांच्यामागे ओट्यावर उभी होते. चपला घालता घालता ते थांबले. त्यांचे डोळे सुजले होते.

"वहिनी, एक विचारू? माणूस वर्षभर त्या वेळेला तोंड उघडत नव्हता. काल तो बोलेल, याची तुम्हाला इतकी खात्री होती?"

आईनं पिशवीचं तोंड घट्ट बांधलं आणि त्यांच्या हातात दिली.

"खात्री कसली भावजी," ती म्हणाली. "वार त्यांचा होता."